कोकणचं घड्याळ घरी ठेवून जा

प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत नवरा-बायको आणि सात वर्षांची मुलगी बारा दिवसांसाठी व्हिएतनामला निघालेत. दा नांग, होई आन आणि न्या चांग असा बेत आहे. हाताशी फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, 24-105 आणि 70-200 या दोन लेन्स. कोळी, देवळं आणि रोजचं जगणं टिपायचं आहे. त्यासाठी 16-35 ही रुंद लेन्स घ्यावी का, आणि फोटो टूर लावावी का?

लेन्स घेऊ नका. त्या पैशात विमानाची तारीख बदलून घ्या.

दिवाळी म्हणजे पाऊस सरला, आकाश स्वच्छ झालं, हा हिशोब आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेला असतो. मध्य व्हिएतनामचा पाऊस नेमका तेव्हाच भरात येतो. आपल्याकडे जून-जुलैत जो नैऋत्य मान्सून कोसळतो, तो तिकडे लाओसच्या सीमेवरच्या डोंगररांगेपलीकडे रिकामा होतो आणि किनाऱ्यावर नुसता कोरडा, तापलेला वारा उतरतो. घाटमाथ्यावर धो-धो आणि माण-खटावला ढगांची नुसती ये-जा, तसंच. सप्टेंबरनंतर वारा फिरतो, ईशान्येकडून समुद्रावरून ओलावा घेऊन येतो आणि त्याच डोंगरांना समोरून धडकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनच्या जुन्या गावात थु बोन नदी घराघरात शिरते. तिथे तान की नावाचं व्यापाऱ्याचं जुनं घर आहे. त्याच्या भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं याच्या खुणा करून ठेवल्यात, त्यात 1964 ची फार वर. तुम्ही निघालाय ते त्या खुणांच्या हंगामात, आणि बरोबर सात वर्षांची मुलगी.

फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिल हा काळ सगळ्यात चांगला. फक्त तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, कधी येतंय ते आधी बघा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात कधीतरी येतं, आणि त्या आठवड्यात निम्मी दुकानं बंद, तिकिटं महाग. शाळेच्या सुट्टीमुळे तारीख हलवणं शक्यच नसेल तर मध्य किनारा सोडा आणि दक्षिणेला फान थिएत–मुई ने पट्ट्यात जा. तिथे नोव्हेंबरमध्ये पाऊस आटपत आलेला असतो.

आता उजेडाबद्दल. अलिबाग, हर्णै, मालवण करून आपला हात असा तयार झालेला असतो की समुद्राचा फोटो म्हणजे संध्याकाळ. दुपारी झोप काढायची, साडेचारला किनारा गाठायचा, सूर्य पाण्यात बुडेपर्यंत काढत राहायचं. व्हिएतनामचा हा किनारा पूर्वेकडे तोंड करून बसलाय. सूर्य समुद्रातून वर येतो आणि डोंगरामागे मावळतो. संध्याकाळी किनाऱ्यावर सावली पडते, पाणी राखाडी होतं आणि तुम्ही ट्रायपॉड घेऊन उगाच उभे राहता. पहिल्या खेपेला मी दोन संध्याकाळी अशाच घालवल्या.

त्यात घड्याळाचीही गंमत आहे. मुंबई भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरीच पश्चिमेला पडते, त्यामुळे हिवाळ्यात आपल्याला सातच्या सूर्योदयाची सवय. दा नांगला मार्चच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्यात साडेपाचला, जूनमध्ये सव्वापाचला. फोटोचा उजेड त्याच्या अर्धा तास आधी सुरू होतो. म्हणजे गजर साडेचारचा. आणि आठ वाजता, हॉटेलातली मंडळी नाश्त्याला उतरत असतात तेव्हा, तुमचा दिवसाचा मुख्य माल कॅमेऱ्यात आलेला असायला हवा.

गावही याच घड्याळावर चालतं. दा नांगच्या मी खे चौपाटीवर पहाटे पाचला जा. अर्धं शहर पाण्यात असतं. आजोबा पोहतायत, बायका गाणी लावून रांगेने व्यायाम करतायत, कुणी वाळूत स्वतःला पुरून घेतलंय. आठ वाजता तीच चौपाटी ओस. तिथून थोडं उत्तरेला मान थाईला कोळी किनाऱ्यावरून जाळं ओढतात, सरळसरळ आपली रापण. दोन दोर, दोन रांगा, कंबरेला पट्टा अडकवून पावलापावलाने मागे सरकायचं. मी कॅमेरा गळ्यात टाकून दोर धरला, पाच मिनिटं ओढला. त्यानंतर माझ्या लेन्सकडे कुणी वळूनही बघितलं नाही. ही युक्ती म्हणून सांगत नाहीये, दोर खरंच जड असतो आणि मागचा म्हातारा दमलेला होता.

एकच सकाळ हातात असेल तर ती ताम तिएनला द्या. होई आनच्या दक्षिणेला गाडीने तासाभराचा रस्ता, वाळूवर भरणारा मच्छीबाजार. रात्रभर समुद्रात असलेल्या मोठ्या होड्या किनाऱ्याला लागत नाहीत, आत खोल पाण्यात थांबतात. मासळी आणतात त्या टोपलीहोड्या. त्यांना थुंग म्हणतात. बांबूच्या पट्ट्या विणलेली, वरून राळेचं तेल चोपडलेली गोल परडीच, एवढी मोठी की दोन माणसं बसतात. हल्ली फायबरच्याही बऱ्याच दिसतात. एकच वल्हं, तेही पुढे धरून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवायचं, की ती गोल वस्तू चक्क सरळ चालायला लागते. लाटेबरोबर वाळूवर आपटली की दोघं जण बांबू अडकवून ती खांद्यावर घेतात. बायका तोवर पाण्यात गुडघाभर उतरून पाट्या पुढे करत असतात, डोक्याला विजेरी, तोंडाला फडकं, हातात मोजे. भाव तिथेच, ओरडून.

हर्णैचा लिलाव ज्याने पाहिलाय त्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त क्रम उलटा. हर्णैला संध्याकाळी आधी सूर्य होड्यांच्या मागे असतो, काळ्या आकृत्या मिळतात, मग सूर्य बुडतो आणि चेहरे मऊ उजेडात येतात. ताम तिएनला चेहरे आधी. सूर्य यायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी समुद्रावरचं सगळं आकाश एक मोठा पांढरा पडदा झालेलं असतं. त्या वेळी समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे तुमच्याकडे आणि पाण्याकडे तोंड असलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर तो उजेड सरळ पडतो. आयएसओ 3200 ते 6400, शटर 1/250 च्या खाली नको, कारण तिथे कुणीच स्थिर नसतं. डोक्यावरच्या विजेऱ्यांचा पांढरा-निळा प्रकाश आणि आकाशाचा रंग जुळणार नाही. जुळवायला जाऊ नका, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा आणि रंगांची ती विसंगती तशीच राहू द्या. पहाटेचा बाजार तसाच दिसतो.

सूर्य वर आला की वळा आणि समुद्राकडे तोंड करा. आता पानांच्या टोप्या. ती शंकूची टोपी, नोन ला, झाडाच्या पातळ पानांची असते, बांबूच्या कड्यांवर शिवलेली. मागून तिरपं ऊन आलं की टोपी आतून दिव्याच्या शेडसारखी पेटते, कडी न् कडी मोजता येते. उजेडाचं माप टोपीवरून घ्या, चेहरा काळा गेला तर जाऊ द्या. हे दहा-पंधरा मिनिटं टिकतं. साडेसात वाजले की तीच टोपी शत्रू होते. ऊन वरून येतं आणि चेहऱ्यावर काळा गोल. तेव्हा फ्लॅश मारणारे बघितलेत, फार वाईट दिसतं. त्यापेक्षा खाली बसा. कोरडी वाळू खालून उजेड परत फेकते आणि टोपीच्या आतला चेहरा त्यात हळूहळू दिसायला लागतो. न्या चांगच्या उत्तरेला होन खोई इथल्या मिठागरांवर हा खालून येणारा उजेड आणखी जोरदार. कावडीला मिठाच्या पाट्या लावून बायका ओळीने चालतात, तेही पहाटेपासून नऊपर्यंतच. हंगाम साधारण जानेवारी ते जून, म्हणजे दिवाळीत तिथे फक्त पाण्याची तळी दिसतील. तारीख बदला म्हणतोय त्याचं हे आणखी एक कारण.

फोटो टूरबद्दल. नदीत उभा राहून जाळं फेकणारा कोळी, जाळं हवेत गोल उघडलंय, मागे सूर्य. हा फोटो तुम्ही शेकडो वेळा पाहिलाय. माझ्याकडेही आहे. मी काढला तेव्हा शेजारी आणखी नऊ कॅमेरे होते, आणि मार्गदर्शकाने शिट्टी वाजवली की जाळं फेकलं जात होतं. जाळ्यात मासा नव्हता, तो यावा अशी अपेक्षाही नव्हती. त्या माणसाला पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. मासेमारीपेक्षा ते बरे मिळतात असं तो स्वतःच हसत म्हणाला. पण तो फोटो मी कुणाला कोळ्याचं जीवन म्हणून दाखवत नाही. पैसे देऊन उभं केलेलं चित्र हवं असेल तर टूर लावा, फक्त खाली तसं लिहा. नाहीतर त्याच पैशात चार पहाटे गाडी आणि ड्रायव्हर ठरवा. होई आनच्या जुन्या गावात कावड आणि फळं घेऊन आज्या पर्यटकांच्या खांद्यावर कावड देतात आणि मग पैसे मागतात, त्याचंही तेच. मी केळी विकत घेतो, बोलतो, आणि बऱ्याचदा फोटो काढतच नाही.

बोलण्यावरून आठवलं. आपल्याला तिथे एक आयता फायदा आहे आणि तो कुणी वापरत नाही. व्हिएतनामी भाषेत ‘तुम्ही’ असा सरसकट शब्द चालत नाही, माणसाला नात्यानेच हाक मारतात. वयस्कर बाई ‘बा’, म्हणजे आजी. आईच्या वयाची ‘को’, मूळ अर्थ आत्या. थोडी मोठी ‘ची’, ताई. पुरुष ‘आन्’, दादा. रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. कॅमेरा उचलून दाखवा, ‘बा, चुप हिन् दुअक खोंग?’ म्हणा. आजी, फोटो काढू का? उच्चार चुकणारच, त्यांच्या भाषेत सुरावर अर्थ बदलतो. त्या हसतील, शेजारणीला सांगतील, आणि तो हसण्याचा क्षण काढायचा नाही. तो संपल्यावर त्या परत मासे साफ करायला लागतील, तेव्हा काढा. हाताने नको म्हटलं तर नको.

देवळांकडे वळू. तिथे दोन वेगवेगळी जगं आहेत, एकाच पद्धतीने काढू नका.

एक, चालती देवळं. होई आनमधली चिनी व्यापाऱ्यांची सभागृहं, त्यातलं फुक किएन सगळ्यात नावाजलेलं. तिथे थिएन हाउ ही दर्यावर्दींची देवी आहे. छताला अगरबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली, प्रत्येकाला नवसाची चिठ्ठी. मधल्या उघड्या चौकातून ऊन आत येतं आणि धुरात त्याचा पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या समोर, अंधारात उभे राहा आणि कुणीतरी हात जोडून त्यात येईपर्यंत थांबा. उंबरा उंच असतो, त्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडायचा. हे मराठी घरातल्या पोराला वेगळं सांगायला नको. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी गर्दी असते, लोक शाकाहार करतात, घरासमोर नैवेद्य मांडतात. चौदाव्या रात्री होई आन विजेचे दिवे मंद करून कंदील लावतं. कालनिर्णयात पौर्णिमा बघा, आदला दिवस जवळपास तोच, एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. कंदिलांचे फोटो मात्र पूर्ण अंधारात काढू नका, सूर्य मावळल्यानंतरच्या वीस मिनिटांत काढा. आकाश अजून निळं असतं तेवढ्यातच काय ते. दक्षिणेला फान थिएतला गेलात तर वान थुइ तू हे देवमाशाचं देऊळ बघा. 1762 सालचं. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर कोळी त्याचे अंत्यसंस्कार करतात आणि हाडं देवळात ठेवतात. तिथला सांगाडा 22 मीटरचा आहे. माझ्याकडे त्याचा एकही बरा फोटो नाही. काच, ट्यूबलाइट आणि जागा अपुरी. तरी जा.

दुसरं जग चाम लोकांचं, म्हणजे एके काळी या किनाऱ्यावर ज्यांचे राजे होते त्यांचं. इथे भारतीय माणूस थबकतो. आपल्या वर्तमानपत्रांत ‘माय सन’ छापलं जातं ते मी सोन, होई आनपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या दरीत. चौथ्या ते तेराव्या शतकातली विटांची शिवमंदिरं. राजा भद्रवर्म्याने इथे भद्रेश्वराची स्थापना केली, संस्कृत शिलालेख आहेत. 1969 साली अमेरिकन बॉम्बफेकीत यातली बरीच उद्ध्वस्त झाली, खड्डे अजून दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने ए, एच आणि के या मंदिरगटांचं जतनकाम केलं, आणि त्या कामात 2020 मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. बसेस आठ-नऊला येतात, तुम्ही दार उघडताच आत असा. बहुतेक चाम मंदिरांचं तोंड पूर्वेला, म्हणजे इथेही सकाळच. दरी असल्यामुळे ऊन उशिरा उतरतं, आणि ढगाळ दिवस तर उत्तमच. ओली वीट, त्यावरचं शेवाळ, दोन विटांमध्ये चुनाही न दिसणारी ती जोडणी, हे सगळं कडक उन्हात सपाट होतं. इथे रुंद लेन्सचा मोह होईल. आवरा. शिखर वाकडं दिसतं आणि मंदिर खेळण्यासारखं. मागे सरका, 70-80 वर काढा.

न्या चांगचं पो नगर हे चाम देऊळ मात्र पडीक नाही. काई नदीच्या मुखाशी टेकडीवर चाम राजांची भगवती, महिषासुरमर्दिनीच्या रूपातली दशभुजा. आज व्हिएतनामी लोक तिला थिएन य आ ना म्हणून पुजतात, रेशमी वस्त्र नेसवतात. तुळजापूरला जाऊन आलेल्या माझ्या आईला फोटो दाखवले तर तिने आधी विचारलं, ओटी भरतात का? तसं काहीसं होतं खरं, फळं आणि फुलं मांडतात. गाभाऱ्यात मी कॅमेरा काढत नाही. दारातून बाहेर येणारे चेहरे काढतो, काळोखातून उजेडात येताना डोळे किलकिले झालेले.

फान रांगचं पो क्लाँग गराई हे चाम देऊळ कधी तरी त्यांच्या काते सणाला पाहा. चामांमधल्या हिंदू परंपरेच्या समाजाला तिथे बालामोन म्हणतात, शब्द कुठून आला हे सांगायला नकोच. त्या दिवशी राजाच्या मुखलिंगाला स्नान घालून वस्त्रं चढवतात. सण साधारण ऑक्टोबरच्या आसपास येतो, म्हणून तो मार्चच्या बेतात बसणार नाही.

सामानाचं चटकन. 24-105 ठेवा, 70-200 घरी ठेवा, आणि खर्च करायचाच तर एखादी छोटी 35 f/1.8 लेन्स घ्या, अंधाऱ्या देवळांसाठी आणि गल्लीतल्या बुटक्या प्लास्टिक स्टुलावर बसून काढण्यासाठी. 70-200 समोर आली की गल्ली गप्प होते. होई आनच्या पिवळ्या भिंती ऑटो व्हाइट बॅलन्सला फसवतात, कॅमेरा पिवळा कमी करायला जातो आणि भिंत आजारी दिसते, म्हणून डेलाइटवर ठेवा. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि पर्यटकाला ती सहज मिळत नाही. नौदलाच्या जेटीकडे कॅमेरा वळवू नका.

आणि बाष्प. एसीत रात्रभर 20 अंशांवर राहिलेला कॅमेरा घेऊन पहाटे बाहेर पडलात की काच आतबाहेर धुरकट. होई आनच्या माझ्या पहिल्या सकाळी जपानी पुलासमोर मी पंचवीस मिनिटं शर्टाने लेन्स पुसत होतो. पुसलं की परत धुकं. तेवढ्यात एक आजी शिडीवर चढून विझलेले कंदील उतरवून गेली, रस्त्यावर दुसरं कुणी नाही. तो फोटो नाही माझ्याकडे. रात्री बॅग बंद करून एसीपासून लांब, बाथरूममध्ये किंवा बाल्कनीच्या दाराशी ठेवा, आणि निघायच्या अर्धा तास आधी न उघडता बाहेर काढा.

घरच्यांचं वेळापत्रक उलट यात सोपं होतं. तुम्ही साडेचारला उठून एकटे जाल, साडेआठला परत याल, मग दिवसभर मुलीचा. दुपारी तिला टोपलीहोडीत बसवा, ते लोक होडी गरागरा फिरवतात, पर्यटकांचाच खेळ आहे पण मुलं खिदळतात. संध्याकाळी साडेआठला दिवे बंद. नकाशा बघताना एक लक्षात ठेवा, 1 जुलै 2025 पासून तिथल्या 63 प्रांत-शहरांची 34 झालीत. होई आन आणि मी सोन आता दा नांगमध्ये मोडतात, फान रांग खान्ह होआमध्ये. ड्रायव्हरला जुना प्रांत सांगितला तरी कळतं, ॲपला कळेलच असं नाही.

मार्चचं ठरलं तर दिवस असे पाडा की पौर्णिमेच्या आदल्या रात्री होई आनला असाल आणि दुसऱ्या पहाटे ताम तिएनला. कंदिलांच्या गर्दीतून साडेसातलाच निघावं लागेल. बायकोला आधी सांगून ठेवा.